उद्या उघडेल अशी फाइल

पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर, मुद्रक आणि मुखपृष्ठकाराच्या नावांच्या आसपास, ‘अक्षरजुळणी’ अशी एक ओळ असते. त्या ओळीतलं काम मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. कादंबऱ्या, प्रबंध, स्मरणिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल असा सगळ्या प्रकारचा मजकूर माझ्या हाताखालून गेला आहे. या कामात रोज माणसं भेटतात आणि संगणकाबद्दल प्रत्येकाचं एक ठाम मत असतं. प्रकाशक म्हणतात, “सगळे जे वापरतात तेच वापरा, प्रेसला अडचण नको.” लेखक म्हणतात, “मी मोबाइलवर सगळं लिहिलंय, तुम्ही फक्त पानं लावा.” हिशेब बघणारे म्हणतात, “फुकटचं सॉफ्टवेअर आज आहे, उद्या नाही.” जो तो आपल्या अनुभवाने बोलतो आणि यातलं कुठलंच मत अगदी निराधार नाही. पण आज केलेली फाइल वीस वर्षांनी कोण उघडेल आणि कशात उघडेल, हे मला क्वचितच कुणी विचारतं. साधन निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा, असं माझं मत आहे. ते कामातूनच तयार झालं.

मी हे काम शिकले तेव्हा पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरचा काळ होता. मजकूर टाइप करायचा, पानं लावायची, प्रूफ तपासून आलं की दुरुस्त्या करायच्या आणि शेवटी बटर पेपरवर प्रिंट काढून प्रेसमध्ये पोचवायची. संगणकावर मराठी उमटायला लागली त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्यात सी-डॅकमध्ये वाढलं. खासगी कंपन्यांनीही देखणे फॉन्ट बनवले. त्या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. खिळ्यांच्या केसेस आणि ट्रेडल मशीन यांच्याशिवाय, घरातल्या एका टेबलावर पुस्तक तयार होऊ शकतं हे त्यांनी दाखवून दिलं. माझ्यासारख्या कितीतरी बायका या व्यवसायात आल्या त्या त्यामुळेच.

त्या फॉन्टांची रचना मात्र समजून घ्यायला हवी. एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं. देवनागरीतली जोडाक्षरं एवढ्यात मावणं शक्य नव्हतं. म्हणून अक्षरांचे तुकडे केले गेले: अर्धा त, अर्धा स, काना, वेलांटी, रफार. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत बसवले गेले. पडद्यावर आपल्याला ‘पुस्तक’ दिसायचं, पण फाइलमध्ये नोंद असायची ती इंग्रजी अक्षरांची. फॉन्ट हा त्या अक्षरांवर चढवलेला पोशाख. तो उतरला की आत मराठी काहीच उरत नसे. मजकूर साठवण्यासाठी १९९१चं ‘इस्की’ हे भारतीय प्रमाण होतं, तरी फॉन्टमधल्या तुकड्यांची घरं कंपनीगणिक वेगळीच राहिली. त्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. शिवाय बरेचसे प्रोग्राम हार्डवेअर लॉकवर चालायचे. संगणकाच्या मागच्या पोर्टला डोंगल लावलं तर प्रोग्राम सुरू, नाहीतर नाही.

हे सगळं मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ नीट उमगला तो पुनर्मुद्रणाच्या एका कामात. एका प्रकाशकांनी ललित लेखांच्या जुन्या संग्रहाची सीडी आणून दिली. पहिल्या आवृत्तीची जुळणी दुसरीकडे झाली होती आणि लेखक आता हयात नव्हते. सीडी चालली. पेजमेकर असलेला एक जुना संगणक मी जपून ठेवला होता, त्यावर फाइलही उघडली. पण पडद्यावर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. ज्या कंपनीच्या फॉन्टमध्ये काम झालं होतं तिने तो केव्हाच बंद केला होता. ज्यांनी जुळणी केली होती त्यांच्याकडे डोंगल होतं, पण ते लावायचं पोर्ट माझ्या त्या जुन्या संगणकालाही नव्हतं.

“जाऊ द्या ताई, छापील प्रत समोर ठेवून परत टाइप करू,” प्रकाशक म्हणाले. ते सोपं होतं आणि व्यवहाराचंही होतं. पण लेखकांच्या मुलीने एक गोष्ट सांगितली. पहिली आवृत्ती आल्यावर बाबांनी पुष्कळ बदल केले होते. जुळणीवाल्यांच्या शेजारी बसून, दुसऱ्या आवृत्तीसाठी, त्यांनी ते फाइलमध्ये करून घेतले होते. आजीवरच्या लेखाचा शेवट तर त्यांनी सगळा नव्याने लिहिला होता. दुसरी आवृत्ती तेव्हा निघालीच नाही. म्हणजे लेखकाचा शेवटचा हात फिरलेला मजकूर छापील प्रतीत नव्हता, हस्तलिखितातही नव्हता. तो फक्त त्या न वाचता येणाऱ्या फाइलमध्ये होता.

ओळखीतला एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी मदतीला आला. “मावशी, छापील पुस्तक आहे ना? मग किल्ली आपल्याकडेच आहे,” तो म्हणाला. बदल न झालेलं एखादं पान घ्यायचं, छापील प्रतीतलं अक्षर आणि पडद्यावरचं चिन्ह शेजारी शेजारी मांडायचं आणि तक्ता बनवायचा. आम्ही तसंच केलं. पण नुसता तक्ता पुरत नाही. जुन्या फाइलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या सामाईक प्रमाणात, उच्चाराचा क्रम चालतो: आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलटं. ‘अर्क’मधला रफार जुन्या फाइलमध्ये क-च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये र आधी हवा. आणि मराठीचे दोन रकार वेगळे सांभाळायचे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला हा भेद शिकवला नाही, तर तो सह्याद्रीत समुद्र आणतो.

हे सगळे नियम त्या मुलाला मुळापासून लिहावे लागले नाहीत, आणि मला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच गोष्ट. दुसऱ्या एका फॉन्टसाठी कुणीतरी असाच प्रोग्राम लिहून, कुणीही घ्यावा, बदलावा, अशा परवान्यावर खुला ठेवला होता. वेलांटी आणि रफार जागेवर आणण्याचं अवघड काम त्यात झालेलं होतं. त्या विद्यार्थ्याने आमचा तक्ता त्यात घातला आणि मराठी रकाराचे नियम जोडले. मग एका संध्याकाळी पडद्यावर मराठी वाक्यं दिसायला लागली. आजीवरच्या लेखाचा नवा शेवट मी त्यांच्या मुलीला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “परत एकदा वाचाल?” पुस्तक त्या शेवटासकट निघालं. त्या मुलाने आपला बदललेला प्रोग्रामही पुन्हा खुला करून ठेवला.

तेव्हापासून खुल्या सॉफ्टवेअरकडे मी पैसे वाचवण्याचा मार्ग म्हणून पाहिलेलं नाही. मजकूर ज्याने लिहिला त्याच्याकडे राहावा, एखादी कंपनी बंद पडली म्हणून तो कुलपात जाऊ नये, यासाठी मला त्याची गरज वाटते.

युनिकोडबद्दल आमच्या व्यवसायात बरीच वर्षं नाराजी होती, आणि तिला कारणं होती. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच, १९९१मध्ये, देवनागरीला जागा मिळाली होती. विंडोज २०००मध्ये देवनागरी चालायला लागली. पण पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच मजकूर नेला की जोडाक्षरं फुटायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय आली ती २०१२च्या सीएस६ आवृत्तीपासून. दिवाळी अंकाच्या दिवसांत, सप्टेंबरात प्रूफं धडाधड येत असताना, कुणी फुटकी जोडाक्षरं निस्तरत बसणार नाही. त्यामुळे “चाललंय ते चालू द्या” हे मत आळसातून आलेलं नव्हतं.

चित्र बदललं ते अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. फाइलमध्ये क, हलन्त आणि ष असे सुटे असतात. त्यांचा ‘क्ष’ करून दाखवणारा एक भाग प्रोग्राममध्ये असावा लागतो. ‘हार्फबझ’ हा असा खुला भाग आहे. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड फोन तोच वापरतात. २०१७मध्ये लिबरऑफिस या खुल्या लेखन-सॉफ्टवेअरच्या ५.३ आवृत्तीने सगळ्या संगणक प्रणालींवर हार्फबझ स्वीकारला. त्याच वर्षी पानं लावण्याच्या ‘स्क्रायबस’ या खुल्या सॉफ्टवेअरच्या १.५.३ आवृत्तीत देवनागरी जुळायला लागली. त्यामागे ओमानमधल्या विकसकांच्या गटाचं काम होतं. त्यांना अरबी हवी होती. जटिल लिप्यांसाठी त्यांनी जी वाट केली तिच्यावरून मराठीही आली. ओमानच्या गरजेतून केलेलं काम नारायण पेठेतल्या टेबलावर उपयोगी पडतं, हे मला फार मोठं वाटतं.

आज एखादे लेखक गावाकडून फोनवर लेख टाइप करून पाठवतात. तो माझ्या संगणकावर जसाच्या तसा उघडतो, शोधता येतो, त्याची सूची करता येते. “मला ते खुलं-बिलं काही कळत नाही,” असं ते म्हणतात, पण त्यांच्या अँड्रॉइड फोनवर जुळणारं जोडाक्षर खुल्या सॉफ्टवेअरने जुळवलेलं असतं. त्यांना ते कळायलाच हवं असा माझा आग्रह नाही. पण फुकटचं टिकत नाही, हे मत त्यांच्याच हातातला फोन खोटं ठरवतो.

फॉन्टांच्या बाबतीत तर मी या खुलेपणाची ऋणी आहे. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा. त्यांनीच मुंबईच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत ‘रघु’ हा फॉन्ट केला आणि तो खुल्या परवान्यावर उपलब्ध झाला. ‘लोहित’ मालिकेवर रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी काम केलं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ दिले. राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ प्रसिद्ध केला आणि तो खुला असल्यामुळे आयआयटी मुंबईने त्याच्यावर पुढचं काम करून ‘शोभिका’ बनवला. जुन्या संस्कृत ग्रंथांत लागणारी अवघड जोडाक्षरं आणि वैदिक स्वरचिन्हं शोभिकात आहेत. संस्कृत उताऱ्यांचा एक प्रबंध माझ्याकडे आला होता. त्यातल्या स्वरचिन्हांसाठी पूर्वी मी कोऱ्या जागा सोडून नंतर हाताने रेघा काढल्या असत्या. शोभिकामुळे ती चिन्हं सरळ टाइप झाली. एका संस्थेचं काम जिथे संपलं तिथून दुसरीने सुरुवात केली, कारण परवान्याने तशी मुभा दिली होती.

हे फॉन्ट बहुतेक ‘ओपन फॉन्ट’ परवान्यावर असतात. तो परवाना म्हणतो: फॉन्ट छपाईत वापरा, ई-पुस्तकात घाला, त्यात सुधारणा करा. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवलं असेल तर सुधारलेल्याला वेगळं नाव द्यायचं. ई-पुस्तकांच्या कामात याचं महत्त्व फार आहे. ई-पुस्तकात फॉन्ट फाइलच्या आत घालावा लागतो आणि विकतच्या फॉन्टसाठी त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागू शकते. प्रकाशक त्याबद्दल विचारत नाहीत, पण मी विचारते. दुसऱ्याच्या अक्षरांवर पोट भरणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या परवान्याचा मान ठेवायलाच हवा. म्हणूनच विकतच्या सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रती मी वापरत नाही. “सगळेच वापरतात” हे मत मी या टेबलाशी फार ऐकलं आहे. ज्याला विकतचं परवडत नाही त्याच्यासाठी सन्मानाचा रस्ता आज उपलब्ध आहे, हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते.

मराठीचं वळण सांभाळायलाही हे फॉन्ट मदत करतात. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपं ठरवली आहेत. अनेक नव्या फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवली की मराठी वळण आपोआप येतं. बहुतेक फाइलींत भाषा हिंदी किंवा इंग्रजी असते, म्हणून ते येत नाही. मग लोक फॉन्टला दोष देतात. असाच प्रकार ‘ॲ’चा. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आलं. त्याआधी लोक अ-वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, अजूनही लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी आहेत. ‘ॲडमिरल’ शोधला तर ‘अॅडमिरल’ सापडत नाही. सूची करण्याआधी मी सगळा मजकूर एका रूपात आणते. कुणाला दिसत नाही असं हे काम आहे, पण पुस्तकाची सूची त्याच्यावरच उभी असते.

“पण फुकट कोण देतं? त्यांना काय मिळतं?” हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो आणि तो रास्त आहे. यातलं बरंचसं काम पगारी आहे. कंपन्यांना आपली यंत्रं आणि सेवा सगळ्या भाषांत चालवायच्या असतात, म्हणून त्या अभियंते नेमतात. यशोमुद्रा आणि शोभिकामागे सार्वजनिक संस्था आहेत, म्हणजे त्यात आपलाही पैसा आहे. आणि काही काम खरोखर हौसेचं आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याला काय मिळालं? लेखकांच्या मुलीने त्याला पुस्तकाची पहिली प्रत सही करून दिली.

या साधनांच्या उणिवाही मी झाकत नाही. चारशे पानांचं, तळटिपांचं पुस्तक मी आजही विकतच्या सॉफ्टवेअरमध्येच लावते. त्यात ओळी अधिक चांगल्या बसतात, प्रेसला हवी तशी पीडीएफ निघते आणि मुदतीच्या दिवसांत प्रेसवाल्यांशी वाद होत नाहीत. स्क्रायबस मी पत्रकं, निमंत्रणं, छोट्या पुस्तिका यांच्यासाठी वापरते. खुला मराठी शब्दतपासनीस आहे, पण तो अजून अपुरा आहे. ‘घराघरांतल्यांनासुद्धा’ यासारखी एकावर एक प्रत्यय चढलेली रूपं त्याला झेपत नाहीत. मुद्रितशोधकाच्या लाल पेनाला पर्याय नाही, आणि नसावा असंच मला वाटतं. शिवाय खुलं साधन शिकायला वेळ द्यावा लागतो. जिचं घर रोजच्या पानांच्या हिशेबावर चालतं तिला तो वेळ महाग पडतो. म्हणून ‘सगळं सोडा आणि हे वापरा’ असं मी कुणालाच सांगत नाही. हंगाम संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एका छोट्या कामापासून सुरुवात करावी, इतकंच सांगते.

अशी सुरुवात जुन्या यंत्रावरही करता येते. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि पुष्कळांनी चालते संगणक अडगळीत टाकले. मजकूर टाइप करणं, पहिलं प्रूफ दुरुस्त करणं एवढ्यासाठी तो संगणक अजून धडधाकट असतो. माझ्याकडच्या अशा एका संगणकावर आता लिनक्स मिंट ही खुली प्रणाली आणि लिबरऑफिस आहे. मदतीला येणारी मुलगी त्याच्यावरच इन्स्क्रिप्ट कळफलक शिकली.

आता माझी एक पद्धत ठरून गेली आहे. पुस्तक प्रेसमध्ये गेलं की मी एक फोल्डर तयार करते. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्यांसकट पूर्ण मजकुराची युनिकोड फाइल, खुल्या स्वरूपातली. पानं लावलेली मूळ फाइल. छपाईची पीडीएफ. परवाना देत असेल तर फॉन्ट आणि त्याचा परवाना. आणि एका साध्या टिपणात, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, कोणता फॉन्ट. शेवटची दुरुस्ती नुसत्या पानांत करून मूळ मजकुरात करायची राहिली, असं होऊ देत नाही. तेवढा वेळ मी दरातच धरते. हे फोल्डर प्रकाशकांना जातं आणि लेखकांनाही जातं. काही प्रकाशक विचारतात, “हे देऊन टाकलंत तर पुढची आवृत्ती दुसरीकडे करतील ना?” करू देत. माझ्याकडे काम माझ्या पानांसाठी यावं, लेखकाचा मजकूर माझ्या संगणकात अडकला आहे म्हणून येऊ नये.

मराठीत दरवर्षी इतकी पुस्तकं निघतात, आणि त्यातल्या कितीतरींची दुसरी आवृत्ती लेखकाच्या पश्चात निघते. म्हणून प्रत्येक लेखकाला, प्रकाशकाला, स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझं एवढंच सांगणं आहे. साधन विकतचं घ्या किंवा खुलं घ्या, तुमच्या कामाला जे सोयीचं असेल ते घ्या. पण काम पूर्ण झालं की अंतिम मजकुराची युनिकोड फाइल मागून घ्या, ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून बघा आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. ती मागणं हा तुमचा हक्क आहे. ती देणं हा आमच्या कामाचा भाग आहे.